मासेमारीचा हक्क कायद्यात लिहा : महाराष्ट्र विधिमंडळाच्या सदस्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,

स. न. वि. वि.

डिसेंबरात आपण हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरला याल. त्या दिवसांत आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालेला असतो, तलावांचं पाणी ओसरू लागलेलं असतं आणि ढिवरांच्या जाळ्यांना खरं काम सुरू झालेलं असतं. तरी दरवर्षी आमच्यातले काही जण जाळी घरी ठेवून मोर्चाला येतात. यशवंत स्टेडियमपासून निघायचं, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवलं की रस्त्यावर बसायचं, संध्याकाळी शिष्टमंडळानं निवेदन द्यायचं आणि शिक्का मारलेली पोच खिशात घालून रात्रीच्या गाडीनं परतायचं. अशा तीन पोचा माझ्या घरी आहेत. जे सांगायचं आहे ते निवेदनाच्या एका पानात मावत नाही, म्हणून हे पत्र.

मी ढिवर. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका लहान गावचा. आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेचे हिशेब मी एकोणीस वर्षं लिहिले. किती मत्स्यबीज टाकलं, किती बोटुकली जगली, कोणाच्या जाळ्यात किती किलो निघालं, ठेक्याची रक्कम कधी भरली, सगळं. म्हणून कागदाचीही थोडी समज आहे आणि पाण्याचीही.

आमचं मागणं एकच आहे. गावच्या तलावात मासे धरण्याचा आमचा हक्क राज्याच्या कायद्यात हक्क म्हणून लिहा. आज तो ठेका म्हणून मिळतो. ठेका पाच वर्षांचा असतो, शासन निर्णयावर चालतो, आणि शासन निर्णय कधीही बदलतो. आजा, बाप, मी आणि माझा मुलगा अशा चार पिढ्या ज्या पाण्यात उतरल्या, त्या पाण्याशी आमचं नातं दर पाच वर्षांनी संपतं आणि पुन्हा अर्ज करावा लागतो.

काय होतं ते एका प्रसंगानं सांगतो. काही वर्षांपूर्वी आमचा ठेका ३० जूनला संपत होता. नूतनीकरणाचा अर्ज आम्ही वेळेत दिला होता. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला वेळ लागेल, तुम्ही काम चालू ठेवा, असं तोंडी सांगण्यात आलं. आधीच्या पावसाळ्यात टाकलेलं रोहू, कटल्याचं बीज तोवर चांगलं वाढलं होतं, एकेक मासा किलो-सव्वा किलोच्या घरात गेला होता. सप्टेंबरात कळलं की ठेका दुसऱ्याच एका संस्थेला गेला. त्या संस्थेच्या सभासदांपैकी निम्म्यांना आम्ही ओळखतो. त्यांच्यातल्या एकाच्याही घरी जाळं नाही, आणि संस्थेची सूत्रं ज्याच्या हाती आहेत तो बर्फाच्या गाडीसह येणारा व्यापारी आहे. ऑक्टोबरच्या एका पहाटे माझा चुलतभाऊ नेहमीसारखा डोंगा घेऊन पाण्यात गेला. परत आला तेव्हा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चार माणसं उभी होती. त्यांनी जाळं काढून घेतलं, आठ किलो मासे काढून घेतले आणि चोरीची तक्रार दिली. ते मासे आमच्याच संस्थेच्या पैशानं टाकलेल्या बिजाचे होते. जाळं त्याच्या बायकोनं पावसाळ्याच्या दोन महिन्यांत दिव्याखाली बसून विणलं होतं. ते आजतागायत परत मिळालं नाही.

चोरी हा शब्द आमच्या गावात त्या दिवशी पहिल्यांदा तलावाच्या संदर्भात ऐकू आला.

आता हा तलाव सरकारचा कसा झाला ते पाहू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजार म्हणजे इंग्रजांच्या काळात गावाचा सारा गोळा करणारा जमीनदार. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी त्यांतले बरेच बांधले. चांद्याच्या हिरशहा राजानं तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाच्या पाण्यानं भिजणारी जमीन देऊ केली, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळ्याच्या नावानं ओळखला जातो. पाळ कोहळ्यानं घातली, धान शेतकऱ्यानं पिकवला आणि पाण्यातलं काम ढिवरानं केलं. तुडुम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायची मोरी, उघडायला, बुजलेलं मोकळं करायला पाण्यात बुडी मारणारा माणूस लागायचा, तो आमचा असायचा. मासोळी निघाली की पहिला वाटा मालगुजाराच्या वाड्यावर जायचा, बाकी आमची. माझी आजी सांगायची, वाड्यावर मासे पोचवायला ती डोक्यावर टोपली घेऊन जायची आणि परतताना पदरात तांदूळ असायचे. मालगुजारी चांगली होती असं मी म्हणत नाही. वेठबिगारी होती, अपमानही होता. पण पाण्यावर ढिवराचं काम आहे आणि म्हणून ढिवराचा वाटा आहे, हे गाव मानत होतं आणि कागदही मानत होता.

१९५० साली मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा झाला. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. मालगुजाराच्या हाताखालून सुटलो याचा आमच्या माणसांना आनंद झाला असणार. पण त्याच घडीला आमच्या हक्काचं काय झालं हे मला फार उशिरा, कायद्याचं पुस्तक हातात आल्यावर समजलं.

सन्माननीय सदस्यहो, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आपल्याच सभागृहांनी केलेली आहे. तिचं कलम १६५ कृपा करून उघडा. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली पद्धतीतून आलेली ही तरतूद सांगते की जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येक गावातल्या रूढी शोधून त्यांची नोंद करावी. पाटपाण्याचा हक्क, वहिवाटीचा हक्क आणि मासेमारीचा हक्क. या नोंदीला वाजिब-उल-अर्ज म्हणतात. म्हणजे मासेमारीचा हक्क हे शब्द महाराष्ट्राच्या कायद्यात आजही आहेत, आम्ही नवीन काही घडवायला सांगत नाही. अडचण पुढच्या अटीत आहे. ही नोंद फक्त अशाच जमिनीची आणि पाण्याची करायची, जी राज्य सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीची, ताब्यातली वा व्यवस्थापनाखालची नाही. आणि लगेच कलम १६६ मध्ये सरकारी तलावांतल्या मासेमारीसाठी नियम करण्याचा, परवाने आणि फी ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला आहे.

दोन्ही कलमं शेजारी ठेवून वाचली की चित्र स्वच्छ दिसतं. तलाव खासगी असेल तर ढिवराला रूढीचा हक्क आहे. तोच तलाव सरकारचा झाला की हक्क संपतो आणि नियमन सुरू होतं. ज्या दिवशी तलाव जनतेचा झाला असं सांगण्यात आलं, त्या दिवशी त्या पाण्यावर जगणाऱ्या माणसाचं नाव कागदावरून उतरलं. मालगुजारापुढे टिकलेला हक्क स्वतंत्र भारतातल्या लोकनियुक्त सरकारपुढे टिकू नये, हे मला पटत नाही आणि तुम्हालाही पटू नये.

मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतला विषय आहे, एकविसाव्या नोंदीत. दिल्लीकडे बोट दाखवण्याची इथे गरज नाही. आपल्याकडे महाराष्ट्र मत्स्योद्योग अधिनियम, १९६० आहे, पण तो मुख्यतः नियंत्रणाचा कायदा आहे. मासे धरणारा माणूस त्यात परवानाधारक किंवा गुन्हेगार म्हणून येतो, हक्कदार म्हणून येत नाही.

तुमच्यासाठी वनहक्क कायदा आहे ना, असं आम्हाला बरेचदा सांगितलं जातं. २००६ च्या त्या कायद्याच्या कलम ३ मध्ये पाणसाठ्यांतले मासे आणि इतर उत्पन्न यांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिला आहे आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण ढिवर अनुसूचित जमातीत नाहीत, महाराष्ट्रात आम्ही भटक्या जमातींत मोडतो. म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, वनात राहत असल्याचा पुरावा आमच्याकडे मागितला जातो. ज्यांच्या नावावर कधी सातबारा नव्हता त्यांनी तो कुठून आणायचा? शिवाय आमचे बहुतेक तलाव धानाच्या बांधांना लागून, महसुली जमिनीवर आहेत, तिथे तो कायदा पोचतच नाही. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या लहान पाणसाठ्यांचं व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवायला सांगितलं, पण आमचा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. शेजारच्या गडचिरोलीतल्या ग्रामसभा ज्या बळावर बोलतात ते बळ आमच्या ग्रामसभेला नाही.

इथे शिकारीचाही विषय स्पष्ट करतो, कारण मोर्चात एका तरुण पत्रकारानं मला विचारलं होतं की उद्या तुम्ही शिकारीचाही हक्क मागाल का. नाही मागणार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद केली, वनहक्क कायद्यानंही पारंपरिक शिकारीचा हक्क मुद्दाम वगळला, आणि जंगलाची आजची अवस्था पाहता ते बरोबर झालं असं मला वाटतं. गोंदियात सारस उरला आहे तो याच तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आधारानं. जाळ्यात कासव आलं तर आम्ही ते सोडतो. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ वाचा. राखीव जंगलात नियमांविरुद्ध शिकार करणारा, मासे धरणारा, पाण्यात विष कालवणारा आणि फास लावणारा, चौघे एकाच ओळीत बसवलेत. इंग्रजांनी ती ओळ लिहिली तेव्हा त्यांच्या लेखी जंगलात शिरलेला प्रत्येक गरीब माणूस सारखाच होता. संध्याकाळच्या भाजीपुरते झिंगे हातजाळ्यानं काढणारी बाई आणि तलावात विष ओतणारा माणूस यांच्यातला फरक आपल्या कायद्यानं तरी ओळखावा.

विषाबद्दल आम्ही किती कडक आहोत हे आमच्या गावात येऊन विचारा. मी आता मरळीबद्दल सांगतो, म्हणजे हक्काचा आणि पाणी राखण्याचा संबंध कळेल.

पावसाळ्यात उथळ पाण्यात, कडेच्या गवतात मरळ अंडी घालते. पिल्लं निघाली की त्यांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात फिरतो. लालसर, शेंदरी, दुरून पाहिलं तर कोणी पाण्यात कुंकू सांडलंय असं वाटावं. थवा मधूनच वर येतो, पाण्यावर बारीक बारीक बुडबुडे फुटतात आणि पुन्हा खाली जातो. त्याच्या खाली नर-मादी दोघं पहारा देत असतात. बेडूक जवळ आला तरी धावून जातात. त्या वेळी मरळ पकडणं सर्वांत सोपं असतं, कारण ती पिल्लांना सोडून पळत नाही. आणि म्हणूनच आमच्यात त्या थव्यावर फेकजाळं टाकत नाहीत. माझ्या आजानं मला दहाव्या वर्षी हे सांगितलं, डोंग्यात बसवून, थवा दाखवून. मी माझ्या मुलाला तसंच सांगितलं. हा नियम कुठल्याही खात्यानं काढलेला नाही. पुढच्या वर्षीही याच पाण्यात उतरायचं आहे हे ज्याला माहीत असतं त्याचा तो नियम आहे. पाच वर्षांच्या ठेकेदाराला शेवटच्या वर्षी थवा दिसला तर तो काय करेल? तो मासा त्याच्या हिशेबात पुढच्या माणसाचा आहे.

रोहू, कटला आणि मृगळ वाहत्या पाण्यात वीण घालणारे मासे आहेत, तलावात त्यांची पैदास होत नाही. दरवर्षी बीज विकत आणायचं आणि टाकायचं. त्यातून उत्पन्न वाढलं हे मी हिशेब लिहिणारा माणूस म्हणून मान्य करतो. पण मरळ, मागूर, शिंगी हे मासे तलावात आपोआप होत, त्यांना खर्च नव्हता. ते कमी होत गेले. तलावात बेशरम या तणाचं रान माजलं, कडेचं गवत आणि पाण्यातल्या वनस्पती गेल्या, गाळपेरीतल्या फवारण्यांचं औषध पाण्यात उतरलं, गवत्या माशानं, म्हणजे ग्रास कार्पनं, उरलंसुरलं खाल्लं.

आमच्या भागातल्या काही गावांत ढिवर बायका कमरेभर पाण्यात उभ्या राहून बेशरम मुळासकट उपटतात आणि उन्हाळ्यात ओल्या चिखलात पाणवनस्पतींची रोपं धानासारखी लावतात. आमच्या गावातही हे काम बायकांनीच केलं. दोन पावसाळ्यांत बोटभर शिंगी पुन्हा जाळ्यात दिसू लागली. सासूबाईंच्या वयाच्या एका बाईनं ती हातात धरून सगळ्यांना दाखवत फिरवली, काटा लागेल म्हणून कोणी ओरडलं तरी सोडेना. पुढच्या उन्हाळ्यात खोलीकरणाचं काम निघालं. गाळ काढायला आमचा विरोध नाही, धानाच्या शेताला तो सोन्यासारखा आहे. पण कंत्राटदाराच्या यंत्रानं तलावाची उतरती कड उभी कापून टाकली, विहिरीच्या काठासारखी. त्या उतारावरच तर वनस्पती लावल्या होत्या, त्या उतारावरच मासा अंडी घालतो. आम्ही मशीनसमोर उभे राहिलो तेव्हा साहेबांनी विचारलं, तुमचा काय संबंध? आमच्याकडे ठेक्याचा कागद होता. त्यात मासे पकडण्याची परवानगी होती. तलावाबद्दल बोलण्याचा संबंध त्यात कुठेच लिहिलेला नव्हता.

आणि ज्या बायकांनी हे सगळं केलं त्यांच्यातल्या बहुतेकींचं नाव संस्थेच्या सभासद यादीत नाही. सभासद नवरा असतो. नवरा वारला की मुलगा. बाई जाळं विणते, मासे निवडते, बाजारात टोपली घेऊन बसते, तरी कागदावर ती मासेमार नाही. याला आम्ही समाज म्हणूनही जबाबदार आहोत आणि ते मी इथे लिहून ठेवतो. पण कायद्यानं पती-पत्नी दोघांच्या नावानं हक्क लिहिला तर आमच्यातल्या हटवाद्यांनाही तो मानावा लागेल.

हक्क आणि ठेका यांत काय अंतर असतं हे शेजारी पाहायला मिळालं आहे. मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापितांना १९९६ साली त्या जलाशयात मासेमारी मिळाली. त्यांनी आपला संघ उभारला, स्वतः मासे धरले, स्वतः विकले. दहा वर्षं चाललं. २००६ च्या अखेरीस ठेका संपला, नवा झाला नाही, सगळी घडी विस्कटली. त्यांनी काही चूक केली म्हणून ते गेलं नाही. मुदत संपली, एवढंच. उलट पेंचच्या जंगलातल्या तोतलाडोह जलाशयाच्या प्रकरणात मध्य प्रदेश सरकारनं विस्थापित आदिवासींना ३०५ परवाने दिले होते. ते रद्द व्हावेत म्हणून दावा झाला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कडक अटी घालून ते चालू ठेवले. जंगल राखायचं आणि माणसांच्या पोटाचाही विचार करायचा, हे दोन्ही एका निकालात बसू शकतं हे त्यातून दिसलं.

आमच्या कोकणातल्या कोळी बांधवांचं दुःख मी त्यांच्याइतकं जाणत नाही, पण त्याची जात आमच्यासारखीच आहे. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ ला मोठ्या यांत्रिक बोटींच्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंधांचा आदेश निघाला, २०२१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायद्यात दंड वाढवले. चांगलं झालं. पण दंड वाढवणं म्हणजे दुसऱ्याला रोखणं, त्यानं लहान होडीवाल्याचा हक्क आपोआप लिहिला जात नाही. वरळीच्या कोळ्यांना सागरी किनारा रस्त्याच्या दोन खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घ्यायला किती दिवस समुद्रात काम अडवून बसावं लागलं! होडीला वाट हवी ही मागणी त्यांना आंदोलन करून सिद्ध करावी लागली. न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदराच्या प्रकरणात २०१५ साली हरित लवादानं १,६३० मासेमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाखांची भरपाई देण्याचा आदेश दिला, तोही त्या माणसांनी स्वतः दावा चालवल्यावर. गोसेखुर्द धरणाचं पाणी चढलं तेव्हा वैनगंगेच्या काठच्या ढिवरांची नदीतली मासेमारी गेली. ज्याची शेती बुडाली त्याला मोबदल्याची यादी होती. ज्याचा डोह बुडाला त्याच्यासाठी रकाना नव्हता, कारण डोहावर त्याचा हक्क कुठल्या कागदात लिहिलेलाच नव्हता.

अमेरिकेत व्हरमाँट राज्याच्या १७७७ च्या घटनेत लोकांना शिकारीची आणि मासेमारीची मोकळीक लिहून दिलेली आहे. कॅलिफोर्नियानं १९१० मध्ये मासे धरण्याचा हक्क राज्यघटनेत घातला, फ्लोरिडाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये. तिथे सुटीच्या दिवशी गळ घेऊन जाणारी माणसंही त्यात येतात. त्यांचा तो छंद असेल, त्याला माझी हरकत नाही. छंदासाठी राज्याच्या घटनेत जागा होऊ शकते, तर चूल ज्यावर पेटते त्या कामासाठी आपल्या राज्याच्या कायद्यात एक प्रकरण होऊ शकतं.

ते प्रकरण कसं असावं याचा आम्ही गावागावांत बसून विचार केला आहे. १९६० च्या मत्स्योद्योग अधिनियमात दुरुस्ती करून, जे स्वतः पाण्यात उतरून मासे धरतात आणि त्याच पाण्याच्या काठी राहतात, त्यांचा त्या पाण्यावर पहिला हक्क मान्य करावा. असा हक्क लिलावात निघणार नाही, विकता येणार नाही, दुसऱ्याला चालवायला देता येणार नाही. व्यापारी मागच्या दारानं येऊ नये यासाठी शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि आमच्यातला कोणी ती मोडत असेल तर त्याचा हक्क काढून घ्या. जमीन महसूल संहितेच्या कलम १६५ मधली सरकारी पाण्याची अट काढा आणि ग्रामसभेसमोर, जाहीर वाचन करून, प्रत्येक गावची नोंद नव्यानं करा. म्हाताऱ्या माणसांचे जबाब त्यात पुरावा म्हणून धरा, कारण आमचा इतिहास त्यांच्याच तोंडी आहे आणि ती माणसं दरवर्षी कमी होत आहेत. उन्हाळी धानासाठी तलाव पार तळाला नेला जातो, म्हणून मासा जगेल इतकं पाणी राखण्याचं बंधन असू द्या. त्यावर शेतकऱ्यांशी आमचं भांडण होईल असं काहींना वाटतं. आमच्या गावात आम्ही बसून पातळी ठरवली आणि तुडुमाच्या दगडावर चुन्याची खूण केली. गेली चार वर्षं दोन्ही बाजू ती पाळत आहेत. खोलीकरण, शिंगाड्याचा किंवा कमळाचा ठेका, पर्यटनाच्या बोटी, काहीही करायचं असेल तर आधी हक्कदारांना विचारा. आणि प्रकल्पानं पाणी गेलंच, तर शेतासारखी त्याचीही भरपाई असू द्या.

बदल्यात बंधनं घाला. विष, स्फोटकं, बारीक जाळी यांवर कडक शिक्षा ठेवा. विणीच्या काळात बंदी ठेवा. मरळीच्या थव्याचा नियम तुम्ही कायद्यात घातला तर आम्हाला आनंद होईल.

शासन निर्णय काढून हे काम भागवू नका, ही विनंती हात जोडून करतो. आमच्या संस्थेच्या कपाटात शासन निर्णयांची जाड फाईल आहे. एकानं दिलेलं दुसऱ्यानं काढलेलं आहे, तिसऱ्यानं स्थगिती दिलेली आहे. ते वाचून ढिवराला एवढंच कळतं की यंदा कोणाच्या दारात जायचं.

गोंदिया, भंडाऱ्याच्या आमदारांना आमची ही बाजू माहीत आहे, त्यांच्यातल्या काहींनी सभागृहात प्रश्नही विचारले आहेत, त्याबद्दल आभार. पण आम्ही संख्येनं थोडे आहोत आणि पाच-सहा जिल्ह्यांत विखुरलेले आहोत. म्हणून हे पत्र पुण्याच्या, नाशिकच्या, मराठवाड्याच्या सदस्यांनाही लिहितो आहे. उजनीत, जायकवाडीत, तुमच्या मतदारसंघातल्या पाझर तलावातही भोई, कोळी, ढिवर आहेत. त्यांना एकदा विचारा की त्यांचा ठेका कधी संपतो.

आमचा येत्या ३० जूनला संपतो. पावसाळ्याच्या तोंडावर बीज टाकायचं तर मागणी मे महिन्यात नोंदवावी लागते आणि पैसे आगाऊ भरावे लागतात. मागच्या वेळचं सगळ्यांच्या लक्षात आहे, त्यामुळे यंदा वर्गणी काढायला निम्मी घरं तयार नाहीत. विधेयक या अधिवेशनात निदान मांडलं गेलं, तर मला त्यांच्या दारात जाऊन काही सांगता येईल.

कळावे,

आपला,
एक ढिवर मासेमार
मच्छीमार सहकारी संस्थेचा माजी सचिव
तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया